आधी स्लॅबला वाढा

मला आयुष्यात जितक्या लग्नपत्रिका आल्या असतील, त्याहून जास्त फोन भेगांचे आले. "मॅडम, भिंत फाटली." "मॅडम, नव्या टाकीला चीर पडली." "मॅडम, गोठ्याचा कोबा उकललाय, म्हस आत पाय टाकंना." बारामती एमआयडीसीत काँक्रीट तपासणीचं एक छोटं ऑफिस होतं, तिथं मी बत्तीस वर्षं काढली. हुद्दा इंजिनिअरचा होता, पण बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मला ओळखायचे 'भेगवाल्या मॅडम' म्हणून. एकदा एक आजी हे नाव ऐकून टाचांच्या मलमासाठी थेट ऑफिसात येऊन बसल्या. त्यांना चहा पाजला, कोकम तेल लावा म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. टाचा बऱ्या झाल्या होत्या, आणि आता घराच्या भिंतीचं बघा म्हणत होत्या.

या नावाचा मला आधी राग यायचा. मग हळूहळू माज चढला. कुणाच्याही घरी चहाला गेले की माझी नजर पहिल्यांदा छताकडं जायची. वर बघून मी नुसतं "हं" म्हटलं तरी घरमालकाच्या हातातली बशी थरथरायची. ही ताकद दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळाली असती, मला माहीत नाही.

जाणकारांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, बाकीच्यांनी मात्र वाचावा. आपल्याकडं निम्म्या लोकांना वाटतं की काँक्रीट वाळून घट्ट होतं. तसं नसतं. काँक्रीट पाणी पिऊन घट्ट होतं. सिमेंट आणि पाणी एकमेकांत मिसळून दगड होतो आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. पण ओतायला सोपं जावं म्हणून आपण गरजेपेक्षा जास्त पाणी घालतो. ते जादा पाणी उडून जायला लागलं की काँक्रीट आकसतं. आकसू दिलं तर काही बिघडत नाही, पण खाली भिंती, आत लोखंड, चारी बाजूंनी त्याला धरून ठेवलेलं. मग ते बिचारं फाटतं. पुन्हा पाणी मिळालं की थोडंसं फुगतं, भेग बारीक होते, उन्हाळ्यात पुन्हा उघडते. बायकांना मी सांगायचे, मळलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकायला विसरलात की वर पापुद्रा धरून चिरा पडतात ना, तसंच. त्यांना एका वाक्यात कळायचं. पुरुषांना कागदावर आकृती काढून दाखवावी लागायची.

एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्याच्या मालकांनी शंभर फुटांची फरशी एका दमात, एकही सांधा न ठेवता ओतून घेतली. सांधे दिसायला बरे दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही सांधा दिला नाही तर काँक्रीट आपला आपण सांधा पाडून घेतं, आणि त्याच्या हातात पट्टी नसते. तीन महिन्यांत फरशीवर अशी नागमोडी भेग पडली की कामगारांनी इथल्या नदीवरून तिचं नाव नीरा ठेवलं. बॉयलरपाशी उगम, कॅनच्या ढिगापाशी वळण. मी पाहणीला गेले तेव्हा एका कामगारानं मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत गंभीरपणे विचारलं, "मॅडम, इंदापूरपतोर कधी जाईल ही?" मालकही शेजारीच उभे होते. मला हसू आवरेना, म्हणून मी खाली वाकून भेग मोजत बसले.

अशा शेकडो भेगांचे फोटो माझ्याकडं आहेत. पण मला सांगायचीय ती वरकुटे गावातल्या स्लॅबची गोष्ट. कारण त्या भेगेत माझा हात होता, आणि माझ्यामुळं एका चांगल्या माणसाचं नाव जायची वेळ आली होती.

त्या माणसाचं नाव शौकत मिस्त्री. कऱ्हाटीचे. तीन पिढ्या गवंडीकाम. उंचीनं लहान, मिशा पांढऱ्या, कमरेला लाकडी मुठीची वडिलांची थापी. कमी बोलायचे, पण जे बोलायचे ते मी पुढं माझ्या नावावर खपवायचे. "शिमिटाला तान लागली की ते रडत न्हाय मॅडम, फाटतं," हे वाक्य मी एका परिसंवादात म्हटलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. शौकतभाईंना ते सांगितलं तर म्हणाले, "घ्या की. वाक्याला काय, अजून हायती."

वरकुट्याला दशरथ आबांनी घर बांधायला काढलं. आबा म्हणजे डाळिंबवाले. ठिबकची नळी पंचक्रोशीत पहिल्यांदा त्यांच्या रानात पसरली, आणि हे ते भेटल्यावर पाच मिनिटांच्या आत सांगायचे. काम शौकतभाईंचं, देखरेख माझी.

स्लॅबचा दिवस आपल्याकडं सण असतो. नारळ फुटतो, मिक्सरला हळदकुंकू लागतं आणि काम संपलं की मालक सगळ्यांना जेवू घालतो. तेही स्वतःच्या हातानं वाढून. यात एक बारीक कलम आहे. मिस्त्री आणि इंजिनिअर पहिल्या पंगतीला बसले पाहिजेत. ते पाटावर बसल्याशिवाय बाकी कुणाच्या ताटात पडत नाही. म्हणजे तुम्ही उशीर केलात तर पहाटेपासून घमेली उचलून दमलेली चाळीस माणसं तुमच्या नावानं खडे फोडत उभी राहणार.

चैत्रातला दिवस. पहाटे चालू केलेला स्लॅब दुपारी एकला संपला. इतका झकास झाला होता की मला वरच गिरकी घ्यावीशी वाटली. तेवढ्यात कोरडं वारं सुटलं. माळावरून येणारं, ओठ फोडणारं. शौकतभाईंनी वर बघितलं, मग स्लॅबकडं बघितलं.

"मॅडम, तुमी व्हा म्होरं. म्या गोणपाट भिजवून टाकतो अन् येतो."

खालून आबांची हाक आली, "मिस्त्री, अन्न थांबलंय. माणसं खोळंबल्याती."

आणि मी म्हणाले, "शौकतभाई, चला. पाच मिनिटांत जेवून येऊ."

हे वाक्य माझं होतं. डिप्लोमा माझ्याकडं होता, त्यांच्याकडं नव्हता. हातातलं गोणपाट खाली ठेवून ते माझ्यामागून शिडी उतरले.

खाली मसालेभात, भरलं वांगं, मठ्ठा आणि कढईतून थेट ताटात येणारी जिलेबी. मला त्या दिवशी मानाचं ताट होतं. आमच्या वस्तीतून सायकलवर पॉलिटेक्निकला जाणाऱ्या मुलीला आज पाटाभोवती रांगोळी काढून बसवलं होतं आणि आबा स्वतः वाढत होते. "बाई, आमच्या ठिबकची नळी पयल्यांदा आली तवा..." ते सांगत होते आणि मी खात होते. सहा जिलेब्या खाल्ल्या. पाच मिनिटांचं जेवण दीड तास चाललं.

वर गेलो तेव्हा स्लॅबवर केसासारख्या बारीक तिरप्या रेघा उमटल्या होत्या. वरचं पाणी वाऱ्यानं पिऊन टाकलं होतं. गुडघ्यावर बसून शौकतभाईंनी थापीनं जमतील तेवढ्या रेघा दाबल्या, भिजवलेली पोती टाकली. मी मनात म्हटलं, वरवरच्या आहेत, पुढं आळी करून पाणी भरलं की भागेल. आळी म्हणजे स्लॅबवर सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवायचं. तसं आबांना सांगून मी स्कूटरवर बसले. जिलेबीमुळं पेंगही आली होती.

तीन आठवड्यांनी गेले तर वर आळी नव्हती. वर ठिबक होतं. काळ्या नळ्या, एका रांगेत, दर दोन फुटांवर थेंब. आबा अभिमानानं म्हणाले, "पानी वाया न्हाय, बाई. डाळिंबाला चालतंय, मंग स्लॅबला का न्हाय?" थेंबाखाली ओला गोल, मधे तापलेला कोरडा पट्टा. ओलं फुगत होतं, कोरडं आकसत होतं, आणि माझ्या त्या केसाएवढ्या रेघा आता नख जाईल एवढ्या झाल्या होत्या. मला एकाच वेळी हसू आलं आणि घामही फुटला.

पण गाव हसत नव्हतं. आबांचे धाकटे भाऊ बबनराव यांनी त्या भेगांचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला होता. मागं त्यांचाच आवाज, "बगा, मिस्त्रीनं शिमिट खाल्लं." दोन दिवसांत तो व्हिडिओ कऱ्हाटीपर्यंत गेला. ठरलेली दोन कामं शौकतभाईंकडून काढून घेतली गेली. ते आबांच्या दारात आले, वडिलांची थापी उंबऱ्यापाशी ठेवली आणि म्हणाले, "म्या चोरी केली असंल तर ही हितंच राहू द्या. न्हाय केली आसं ज्या दिवशी चार मान्सांत म्हनाल, त्या दिवशी उचलीन." आणि निघून गेले.

मी हातोडीसारखं आमचं यंत्र नेलं, स्लॅब जागोजागी ठोकून बघितला. आकडे उत्तम आले. काँक्रीट ताकदीला पक्कं होतं. बबनराव म्हणाले, "यंत्र तुमचं, आकडं तुमचं. आमाला काय कळतंय?" त्यांचंही चूक नव्हतं.

त्या वेळी मला बोलता आलं असतं. मिस्त्री पोती टाकायला निघाले होते, मी त्यांना खाली नेलं, एवढं एक वाक्य. मी ते बोलले नाही. ऑफिसची अब्रू, माझी अब्रू, अशी कारणं मनात जुळवत परत आले. सगळ्यात जास्त मला याचं वाईट वाटलं की शौकतभाईही बोलले नव्हते. बोटानं माझ्याकडं दाखवलं असतं तरी सुटले असते. आठ दिवस मी बारामतीत गोड पदार्थाकडं बघू शकले नाही, आणि माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा लहान नव्हे.

नवव्या दिवशी मी आबांना फोन केला. "आबा, उद्या दुपारी एकला अंगणात दोन लाद्या ओतायच्या. सिमेंट तुम्ही स्वतः मोजून घाला. आणि जिलेबी सांगून ठेवा."

"जिलेबी कशाला?"

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी अंगणात अर्धं वरकुटं जमलं होतं. शौकतभाईंना मी कऱ्हाटीहून स्कूटरवर मागं बसवून आणलं होतं. खडबडीत दगडी फरशीवर दाराएवढ्या दोन चौकटी मांडल्या. आबांनी धोतर खोचलं, पोतं स्वतः फोडलं, घमेलं वरपर्यंत भरून सिमेंट घातलं. उलट दोन मुठी जास्तच. माल एकच, हात एकच. बबनरावांना म्हटलं, व्हिडिओ काढा. एका लादीवर लगेच ओलं गोणपाट टाकलं. दुसरी उघडी ठेवली. वैशाख लागला होता, पण वारं तसंच होतं, तेच शहाणं वारं. त्याच्या भरवशावर मी आले होते.

"आता जेवायचं," मी म्हणाले. "दीड तास. कारण स्लॅबच्या दिवशी आपण दीड तास जेवलो. शौकतभाई पोती टाकायला निघाले होते. मी त्यांना म्हटलं, पाच मिनिटांत जेवून येऊ. चूक माझी आहे. त्यांनी सिमेंट खाल्लं नाही. मी जिलेबी खाल्ली."

मग मागून एका म्हातारीनं विचारलं, "किती खाल्ल्या गं बाई?"

"सहा."

आधी एक खुसखुस आली, मग सगळं अंगण हसलं. मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. शौकतभाई तेवढे हसले नाहीत. ते उघड्या लादीकडं बघत होते.

पंगत बसली. माझ्या ताटातली जिलेबी तशीच राहिली. एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. लहान लादी फाटेलच याची मला खात्री नव्हती. इतकी वर्षं मी भेगा पडू नयेत म्हणून धडपडले होते आणि आज भेग पडावी म्हणून मनातल्या मनात विनवत होते. तासाभरानं उठून पाहिलं. लादी गुळगुळीत. सव्वा तासानं पाहिलं. गुळगुळीत. बबनराव मोबाइल खाली घेऊन म्हणाले, "मॅडम, ब्याटरी संपत आली."

तेव्हा शौकतभाई पहिल्यांदा बोलले. "सरळ बगू नगा. उनाकडं तोंड करून, खाली वाकून, तिरपं बगा."

आम्ही सगळे ओणवे झालो. आबा, बबनराव, मी, ती म्हातारी. अर्धं वरकुटं एका लादीपुढं वाकलेलं. आणि होती. केसाएवढी, तिरपी, माझ्या ओळखीची. तिच्या शेजारी दुसरी. मी इतक्या जोरात "पडली" म्हणाले की दावणीपाशी झोपलेली कुत्री उठून पळाली. आयुष्यात भेग बघून मी नाचले ती तेवढी एकदाच.

आबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग दुसऱ्या लादीवरचं गोणपाट स्वतः उचललं. एक रेघ नव्हती.

"ह्ये शिमिट म्या मोजलंय," ते म्हणाले. "माज्या हातानं." मग बबनरावांकडं वळले. "ब्याटरी हाय का अजून? काढ. अन् माझं नाव घेऊन टाक. वरकुट्याच्या दशरथनं दोन मुठी जास्त शिमिट घातलं, तरी फाटलं म्हनावं. मिस्त्रीनं काय खाल्लं न्हाय म्हनावं."

ते उंबऱ्यापाशी गेले. थापी तिथंच होती, कुणी हलवली नव्हती. आबांनी ती उचलली, उपरण्यानं पुसली आणि शौकतभाईंच्या हातात दिली. शौकतभाईंनी ती कमरेला खोचली आणि म्हणाले, "आता जेवतो." तोपर्यंत ते जेवलेच नव्हते, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

शौकतभाईंना वाढता वाढता आबांनी हळूच मला विचारलं, "बाई, म्हंजे ठिबक वाईट का?"

"डाळिंबाला उत्तम आहे, आबा."

नळ्या निघाल्या, आळी झाली, पाणी भरलं. पहिले दोन-चार दिवस भेगेतून खाली थेंब यायचे. मग काँक्रीट पाणी पिऊन फुगलं, भेगेत त्याचाच चुना धरला आणि थेंब बंद झाले. वर्षभरानं बबनरावांनीही घर काढलं, मिस्त्री अर्थातच शौकतभाई. स्लॅब संपला, ताटं मांडली, मी खाली उतरायला लागले तर आबा शिडीच्या तोंडाशी आडवे. "थांबा. आधी स्लॅबला वाढा." खांद्यावर ओल्या पोत्यांची चळत घेऊन ते स्वतः वर चढले, पहिलं पोतं स्वतःच्या हातानं अंथरलं, आणि मगच पंगत बसली.

मी निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात इंदापूरहून परतताना एका वस्तीवर मिक्सरचा आवाज आला आणि सवयीनं गाडी थांबवली. स्लॅब नुकताच संपला होता. ओळखीचं कुणी नव्हतं. घरमालकीण हातात ओलं गोणपाट घेऊन शिडी चढत होती आणि खालून सगळे ओरडत होते, "आधी स्लॅबला वाढा." हेल्मेट घातलेल्या तरुण इंजिनिअरला मी विचारलं, हे काय?

"रीत हाय हिकडची," तो म्हणाला. "पूर्वी कुनी एक इंजिनेर बाई व्हती म्हनं. वर स्लॅब वाळत ठेवून खाली वीस जिलेब्या खाल्ल्या तिनं. स्लॅब फाटला."

"वीस?"

"आसं सांगत्यात."

"आणि मिस्त्रीचं काय सांगतात?"

"मिस्त्रीचं काय सांगायचं? त्यो मानूस खरा व्हता म्हनं. त्येनंच ही रीत पाडली."

मी काही दुरुस्ती केली नाही. त्या दिवशी शेवटच्या पंगतीला बसले. घरी येऊन शौकतभाईंना फोन लावला. आता त्यांना उंच चढवत नाही, कऱ्हाटीत नातवंडांत असतात. सगळं सांगितलं. पलीकडं ते बराच वेळ हसले.

मी म्हटलं, "बघा की शौकतभाई, सहाच्या वीस केल्या लोकांनी."

"वीस न्हवत्या मॅडम," ते म्हणाले. "पर सहा बी न्हवत्या. आठ व्हत्या. तुमची एकेक सपायची वाट बगत व्हतो म्या, वर जायला."